‘तिला सगळ्यांनी झोडपलं, आणि मला मात्र तसंच काहीतरी करायचंय’

सांगलीहून, विश्रामबागेतून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. चांगलं चार पानी आहे, सगळं काही इथे देता येणार नाही, मुख्य भाग देते.

“ताई, आमच्या भिशीतूनच वाचनाचा एक गट निघालाय, दर महिन्याला एक पुस्तक वाचतो. यावेळी एकीच्या लेकीनं पुण्याहून ज्युली पॉवेलचं ‘ज्युली अँड ज्युलिया’ आणलं. अमेरिकेतली एक नोकरी करणारी बाई, छोटासा फ्लॅट, त्याहून छोटं स्वयंपाकघर, आणि ती ठरवते की ज्युलिया चाइल्डच्या जाडजूड फ्रेंच स्वयंपाकाच्या पुस्तकातल्या सगळ्याच्या सगळ्या ५२४ रेसिपी ३६५ दिवसांत करायच्या, त्या वर्षाच्या आठवणी. मला इतकं आवडलं की रात्री जागून संपवलं. पण चर्चेच्या दिवशी सगळ्यांनी तिला नुसतं झोडपलं. आमच्यातल्या रिटायर्ड शिक्षिका म्हणाल्या, बाईला स्वयंपाक येत नाही, शिव्या तेवढ्या येतात. एक म्हणाली भांड्यांच्या जाळीखाली अळ्या झाल्या हे छापून सांगायचं असतं का. कुणी जिवंत लॉबस्टरच्या पानावर पुस्तक मिटलं, कुणाला सिनेमा आवडला होता म्हणून पुस्तकावर राग. आणि शेवटी सगळ्यांचं एकमत, की नुसती कुरकुर आहे, नवरा बिचारा चांगला म्हणून निभलं. मी गप्प बसले. कारण माझ्या मनात कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ हे स्वयंपाकाचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एका वर्षात करायचं आणि लिहायचं आहे. घरी बोलले तर सासूबाई म्हणाल्या, घरातलं बाहेर कशाला. मिस्टर म्हणाले कर की, पण माझी शुगर लक्षात ठेव. मी पतसंस्थेत नोकरीला आहे, मुलगा बारावीत. मला ते पुस्तक आवडलं यात माझं काही चुकतंय का? आणि मी लिहिलं तर याच बायका माझ्याबद्दल हेच म्हणतील ना?”

अगं, तू ताई म्हणालीस म्हणून सरळ एकेरीवर येते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, हो म्हणतील. सगळ्या नाही, पण दोघी-तिघी नक्की म्हणतील, आणि ते धरूनच सुरुवात कर. पण त्या काय म्हणाल्या आणि का म्हणाल्या हे जरा सुटं सुटं करून बघूया, कारण तुझ्या पत्रात सगळी मतं एकाच ढिगात पडलीयेत आणि त्या ढिगाखाली तू दबलीयेस असं मला वाटलं.

पहिलं म्हणजे त्या सगळ्यांनी ते पुस्तक खरंच वाचलं होतं का. तू पत्रात पुढे लिहिलंयस की इंग्रजी जड गेलं त्यांना बाकीच्यांनी गोष्ट सांगितली. आता तूच सांग, गोष्ट सांगताना काय सांगितलं जातं? अळ्या, शिव्या आणि लॉबस्टर. ती बाई दिवसभर कुठल्या नोकरीत बसायची हे कुणी सांगत नाही. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कचे टॉवर पडले, त्यानंतर तो भाग पुन्हा उभा करायचं काम ज्या सरकारी संस्थेकडे होतं तिथे ही सेक्रेटरी होती, दिवसभर फोन घ्यायचे, त्यात माणसं गमावलेल्यांचेसुद्धा फोन, आणि मग लोकलनं घरी येऊन रात्री उशिरापर्यंत ओट्याशी. तिशीला टेकलेली, मूल होईल की नाही याची डॉक्टरांनी घातलेली भीती, आणि आयुष्यात आपण काहीच धड केलं नाही ही टोचणी. हे सगळं बाजूला काढलं तर उरते ती नुसती कुरकुरच ना. तुझ्या गटात पुढच्या वेळी एवढंच सुचव की ज्यांनी ऐकलंय त्यांनी ऐकलंय असं आधी सांगावं, मग मत द्यावं.

सिनेमाचं म्हणशील तर तो २००९ चा, आणि तो फक्त या पुस्तकावर नाहीये, त्यातला ज्युलिया चाइल्डचा जो पॅरिसचा भाग सगळ्यांना आवडतो तो ज्युलियाबाईंच्या स्वतःच्या आठवणींवरून घेतलेला आहे. मेरिल स्ट्रीपची ज्युलिया बघून आलेली बाई पुस्तकात तीच ज्युलिया शोधते आणि तिला भेटते चिडकी, थकलेली ज्युली. नाराज होणारच. तिकडच्या वाचकांनीही अगदी हीच तक्रार केलीय, ज्युलिया कमी आणि ज्युली फार, सांगलीतच काही वेगळं घडलं असं समजू नकोस.

आणि स्वतः ज्युलियाबाई? त्यांना हा उपक्रम फारसा रुचला नव्हता असं त्यांच्या संपादिका ज्युडिथ जोन्स यांनी नंतर सांगितलं. ज्युलियाबाई २००४ मध्ये गेल्या, ज्युलीचं पुस्तक आलं २००५ मध्ये, म्हणजे पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही, इंटरनेटवर ती रोजचं लिहायची त्यावरूनच काय ते मत. मला त्यांचंही समजतं. त्या वयाच्या ३७ व्या वर्षी पॅरिसला स्वयंपाक शिकायला शाळेत गेल्या, मग सिमोन बेक आणि लुइझेट बेर्टोल या दोघी मैत्रिणींबरोबर वर्षानुवर्षं एकेक कृती पुन्हा पुन्हा करून पाहिली, एका प्रकाशकानं नाकारलं, १९६१ मध्ये पुस्तक आलं. त्याच्या दुसऱ्या भागात फक्त फ्रेंच पावाची कृती घरच्या ओव्हनमध्ये जमावी म्हणून दोन वर्षं आणि २८४ पौंड मैदा घातला, म्हणजे सव्वाशे किलोच्या वर. अशा बाईला कुणीतरी रोज घाईघाईत एक-दीड कृती उरकून त्यावर शिव्या घालत लिहितंय हे आवडणार कसं. पण कृती लिहिणारीची जबाबदारी वेगळी आणि ती कृती आपल्या घरात, आपल्या गॅसवर, आपल्या दमलेल्या हातांनी करून बघणारीची गोष्ट वेगळी. पहिलीनं चुकायचं नसतं. दुसरीनं चुकलं नाही तर लिहायला आहेच काय?

लॉबस्टर आणि पुस्तकातल्या वासराच्या पायाच्या जेलीबद्दल ज्यांनी नाकं मुरडली त्यांना माझा एक प्रश्न आहे, तू विचारून बघ. तुमच्याकडे पावसाळ्यात खेकडे येतात ना? जिवंत खेकड्याचे डेंगे कोण मोडतं, ते चुरचुरणारं पातेलं झाकून कोण धरतं? आणि पायाचं सूप उरलं तर फ्रीजमध्ये सकाळी त्याचं काय होतं? थिजतं. तेच ते, वासराच्या पायाची जेली म्हणजे दुसरं काही नाही, फक्त ते लोक ती मुद्दाम थिजवून गार खातात. जी शाकाहारी आहे तिनं ते पान सोडलं तर बरोबरच आहे, तिला काही म्हणायचं नाही. पण रविवारी मटणाच्या दुकानापुढे रांग लावणाऱ्या घरानं ईऽऽ करायचं कारण नाही. मला तर उलट वाटतं की मारताना हात थरथरला हे तिनं लिहिलं, त्यात तिचा प्रामाणिकपणा आहे, आपल्याकडे किती जणी सांगतील.

आता कुरकुर. मला खरं बोलायचंय ते इथे.

तुझ्या गटाला राग आला तो बाईला स्वयंपाक येत नाही याचा नाहीये. नवीन सुनेला येत नाही म्हणून आपण किती सांभाळून घेतो. राग आला तो तिनं वैतागले, कंटाळले, ओट्याशी बसून रडले हे छापलं याचा. स्वयंपाकात कंटाळा येतो ही गोष्ट आपल्याकडे फक्त ओट्याशी उभं राहून, दुसऱ्या बाईला, हळू आवाजात सांगायची असते. पण तेही काही खरं नाही बघ. आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसून ओव्यांमधून सासरचं सगळं गाऱ्हाणं म्हणत होत्याच की, मोठ्यानं, शेजारघरात ऐकू जाईल असं. आणि लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ घे. १९३४ पासून भागाभागानं आलेलं पुस्तक, आपल्याकडे घराघरात वाचलेलं. त्यात त्यांनी वडिलांचं सोवळं किती टोकाला गेलं होतं ते लिहिलंय, बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुवून घ्यायचे ते. नवऱ्याचा राग, घर सोडून निघून जाणं, पैशांचा घोळ, भांडणं, सगळं लिहिलंय. घरातलं बाहेरच आहे ना ते? आणि आपण ते प्रेमानं वाचतो, मुलींना वाचायला देतो. मग न्यूयॉर्कच्या बाईनं सिंक तुंबलं म्हणून आरडाओरडा केला तर एवढं काय बिघडलं.

हां, पण तुझ्या गटाच्या दोन गोष्टी मला पटतात, त्या सोडून देऊ नकोस कारण तुझ्या लिहिण्याला त्या उपयोगी पडतील. एक म्हणजे पुस्तकात पदार्थाची चव कमी येते. इतकं लोणी, इतकी वाइन, इतके तास, आणि तो घास तोंडात गेल्यावर काय झालं हे बरेचदा एका ओळीत उरकलंय. स्वयंपाकाचं पुस्तक वाचताना भूक लागली पाहिजे असं मला वाटतं. दुसरं म्हणजे मैत्रिणींची लफडी, त्यांचे संसार, हे फार येतं, आणि मधे मधे ज्युलिया आणि तिच्या नवऱ्याचे जे कल्पनेनं लिहिलेले प्रसंग आहेत ते मला जोडकाम वाटले. आणि मैत्रिणींवरून नवऱ्याचा प्रश्न येतो. ज्युलीनं पुढे २००९ मध्ये दुसरं पुस्तक लिहिलं, खाटकाच्या दुकानात मांस कापायला शिकल्याचं, आणि त्यात स्वतःचं बाहेरचं प्रेमप्रकरण सगळं उघडं केलं. तिथे मात्र पहिलं पुस्तक डोक्यावर घेतलेले वाचकसुद्धा फिरले, फार कडवट बोलले तिला. तिचं आयुष्य तिचं, मी कोण बोलणार, २०२२ मध्ये ४९ व्या वर्षी ती गेलीही. पण ज्या माणसाबरोबर आपण राहतो त्याचं दुखणं आपण एकट्यानं ठरवून जगापुढे मांडायचं का, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता आणि तुझं पत्र वाचून पुन्हा पडला.

म्हणून तुझ्या सासूबाईंचं ‘घरातलं बाहेर कशाला’ मी उडवून लावणार नाही. त्यांना विचार नेमकं कशाची भीती वाटते. भांडणाची? की ‘सासूनं काही शिकवलं नाही म्हणून पुस्तक उघडलं’ असं लोक म्हणतील याची? मला दुसरं जास्त शक्य वाटतं. तू पत्राच्या शेवटी अगदी जाता जाता लिहिलंयस की गावभागातल्या जुन्या घरात २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी शिरलं तेव्हा त्यांची पदार्थांची वही गेली, आणि त्यानंतर त्यांनी त्याबद्दल बोलणंच सोडलं, ‘गेलं ते गेलं’ म्हणतात. अगं हे चौथ्या पानावर का? हे पहिल्या पानावर पाहिजे होतं. ज्या बाईची आयुष्यभराची वही कृष्णेच्या पाण्यात गेली तिच्यासमोर सून छापील पुस्तक उघडून म्हणतेय की मी यातलं सगळं करणार, तिला काय वाटलं असेल.

तेव्हा तू असं कर. ‘रुचिरा’तली प्रत्येक कृती करायच्या आधी त्यांना वाचून दाखव आणि विचार, तुमच्यात हे कसं करायचे. त्या आधी म्हणतील, असंच करायचे. मग पाच मिनिटांनी म्हणतील, पण गूळ नंतर घालायचे. ते लिहून घे, तारीख घालून, त्यांच्याच शब्दांत. सांडगे, हुलग्याचं माडगं, शेंगोळी, कटाची आमटी, जे पुस्तकात असेल नसेल ते सगळं त्या ओघात निघेल. कमलाबाई ओगले मूळच्या तुमच्याच कुंडलच्या, शाळा चौथीपर्यंत, आणि स्वयंपाक शिकल्या त्या सासूबाईंकडूनच. हे सासूबाईंना सांग, त्यांना आवडेल. म्हणजे हे पुस्तक काही बाहेरचं नाही, तुमच्याच भागातल्या एका सासू-सुनेच्या ओट्यावरून १९७० मध्ये छापखान्यात गेलेलं आहे.

नवऱ्याबद्दल आणि सासूबाईंबद्दल जे लिहिशील ते आधी त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. नको म्हणाले तर काढ. तुझ्या स्वतःच्या फजितीबद्दल मात्र कुणाला विचारू नकोस, सगळं लिही. चकलीत मोहन जास्त पडलं आणि कढईत नुसता चुरा झाला, तीन दिवस रोज पाणी बदलून तांदूळ भिजवले, दळले, गुळात मळून पीठ मुरवलं आणि तुपात सोडल्यावर अनारसा हसला, म्हणजे विरून पसरला, पाक पुढे गेला आणि वड्या सुरीनं निघेनात. हे ज्या बाईनं लिहिलंय तिचं मी शेवटपर्यंत वाचते, कारण कुठे चुकलं हे तिला कळलेलं असतं आणि ते मला माझ्या कढईपाशी उपयोगी पडतं.

आता हिशोबाचं बोलू. ५२४ रेसिपी ३६५ दिवसांत म्हणजे आठवड्याला दहा. त्या बाईला मूल नव्हतं, पाहुणे बोलवून रात्री दहाला जेवायची सोय होती. तुझ्याकडे बारावीतला मुलगा, सकाळचे डबे, पतसंस्थेचं मार्चअखेर आणि शुगर असलेला नवरा. ‘रुचिरा’ अख्खं एका वर्षात धरलंस तर दोन महिन्यांत तुला त्या पुस्तकाचा राग येईल, कमलाबाईंचा येईल, शेवटी घरच्यांचा येईल. पण मुदतच नको असंही मी म्हणणार नाही, मुदतीशिवाय तो रोजचाच स्वयंपाक झाला, त्यावर कुणी पुस्तक लिहीत नाही. मुदत ठेव, आकडा कमी कर. शंभर पदार्थ, एक वर्ष. आठवड्याला दोन, एक रोजच्या जेवणातला जो डब्यातही जाईल, एक सुट्टीच्या दिवशीचा वेळखाऊ. यादी आधीच कागदावर काढ, म्हणजे मग ‘हे अवघड आहे, हे सोडूया’ असं चालणार नाही, अवघड तेच करायचंय ना आपल्याला.

यादी करताना पुस्तकाच्या क्रमानं जाऊ नकोस, ऋतूनं जा. आपल्याकडचं जेवण महिन्यांवर चालतं, चैत्रात कैरीची डाळ आणि पन्हं, श्रावणात उपासाचं, थंडीत कृष्णाकाठची वांगी आणि हुरडा. जूनमध्ये भरीत करून ‘जमलं नाही’ असं लिहिशील तर दोष वांग्याचा असेल आणि नाव कमलाबाईंचं जाईल. मी साताऱ्यात राहते, इथे कोरेगावचा वाघ्या घेवडा मिळतो त्याची उसळ आणि दुसरा कुठला घेवडा आणून केलेली उसळ यात केवढा फरक पडतो ते मला रोज दिसतं.

आणि वाटी ठरव. कमलाबाईंनी वजनाच्या ऐवजी वाटी-चमच्याचं माप दिलं, त्यामुळेच तर आईपासून लांब राहणाऱ्या, घरात काटा नसलेल्या मुलींना ते पुस्तक वापरता आलं. पण तुझ्या घरातल्या वाट्या चार मापांच्या असतील. एकच निवड, तिला खूण कर, वर्षभर तीच. भाजी-आमटीत थोडं इकडेतिकडे चालतं, पण वड्या, लाडू, चकलीच्या उकडीत प्रमाण हललं की पदार्थ हलला. चमच्याचं तसंच, पोह्याचा कुठला आणि चहाचा कुठला हे पहिल्या दिवशी बघून ठेव.

गोडाचं काय करायचं ते सांगते, मिस्टरांची शुगर हे कारणही आहे आणि सोयही. गोड पदार्थ घरात ठेवायचाच नाही, त्यांच्यासाठी चवीपुरता एक तुकडा, तोही डॉक्टरांना विचारून, आणि बाकी सगळा डबा भिशीत. त्याच बायका. ज्यांनी ज्युलीला झोडपलं त्या तुझ्या पहिल्या खाणाऱ्या होऊ देत. बाई शिव्या देते म्हणून ज्या शिक्षिका रागावल्या ना, त्या बहुतेक साटोरीत सारण कमी पडलंय हे तोंडावर सांगतील, आणि असं तोंडावर सांगणारं माणूस तुला पाहिजेच आहे. खाणाऱ्यांचं म्हणणंही लिही, त्यांची नावं न घालता.

आवडलं यात चुकलं का, असं विचारलंयस. नाही गं. एक थकलेली बाई काहीतरी मोठं ठरवते आणि वर्षभर धडपडत ते पूर्ण करते, हे वाचून तू रात्री जागलीस, तुझ्या आत काहीतरी हललं म्हणूनच जागलीस. फक्त गप्प बसलीस ते मला खटकलं. मतं सगळी एका बाजूला झुकली होती तेव्हा तुझं एक मत तिथे पाहिजे होतं, आणि मला खात्री आहे की अजून एखादी तिथे तुझ्यासारखीच गप्प बसली असणार. पुढच्या भेटीत पुस्तक परत घेऊन जा, तिच्या ऑफिसातल्या फोनचा एखादा प्रसंग मराठीत सांग, आणि म्हण की मला हे आवडलं, याच्यासाठी आवडलं. ‘रुचिरा’चं तेव्हा लगेच सांगू नकोस. मुलाची बोर्डाची परीक्षा होऊ दे, मार्चअखेर संपू दे, गुढीपाडव्याच्या पुढे-मागे सुरू कर, तोवर सासूबाईंबरोबर बसून यादी होईल. आणि दोन-तीन महिन्यांचं लिहून झालं की मला पाठव, जिथे फसलंय ती पानं आधी.